प्रकरण चौदावं : नऊ तारखेचं लग्न

"निळा," दादा म्हणाले.

"हिरवा," त्याच क्षणी वहिनी म्हणाल्या.

दादांनी चमचा ताटात टाकला. "हे बघा, चार वाजता लीगच्या समितीसमोर जायचंय, आणि तिचा अध्यक्ष दाताचा डॉक्टर आहे. एकेक करून उपटून काढेल. मुलीनं लग्नात कुठल्या रंगाचा ड्रेस घातला होता, हे आईबापांना एकसारखं सांगता येऊ नये?"

"येतं की," वहिनी भात वाढत म्हणाल्या. "अठराला मोतिया रंगाचा होता. नऊला कुठला होता ते तुम्हीच ठरवा. नऊचं लग्न तुम्हीच लावलंयत."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या चिटणीसबाईंना हसू आलं, ते त्यांनी पाण्याच्या पेल्याआड दडवलं. दादांची ही सख्खी बहीण. अठ्ठावीस वर्षं वखारीच्या फुटबॉल क्लबची चिटणीस, त्यामुळे गावच काय, दादाही तिला चिटणीस म्हणत. आज सकाळपासून त्यांना एका जागी बसवत नव्हतं. वखारीच्या ऑफिसात जाऊन फाइल उघडायच्या, बंद करायच्या, परत यायच्या. रविवार असल्याने करवत बंद होती, आणि करवत बंद असली की या घरात प्रत्येकाचं बोलणं विनाकारण मोठं ऐकू येई.

भानगड सगळी दोन तारखांची होती. खेळाडूंच्या बदल्यांची मुदत महिन्याच्या पहिल्या तारखेला संपली होती. त्यानंतर लीगमधल्या कुठल्याही खेळाडूला क्लब बदलता येत नाही, अपवाद एकच, लग्नामुळे राहतं घर बदललेला. दादांची मुलगी बारकी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, आणि तिचं ज्याच्याशी दोन वर्षं जमलं होतं तो डावरा लिफ्टची दुरुस्ती करायचा. पण लीगमध्ये त्याला ओळखत ते डाव्या पायासाठी. लग्न हंगाम संपल्यावर ठरलं होतं. वखारीचा क्लब तळाला घसरत चालला तसं दादांनी ते अलीकडे आणलं. नोंदणी झाली अठरा तारखेला. डावरा वखारीकडून पहिला सामना खेळला अकराला, दुसरा पंधराला. दोन सामने, तीन गोल, सहा गुण. लीगला गेलेल्या अर्जावर लग्नाची तारीख होती नऊ.

ती नऊ लिहिली होती चिटणीसबाईंनी. दादा समोर उभे होते आणि म्हणाले होते, "लिही गं. आठवडाभराचा तर फरक. लग्न काय पळून चाललंय?" आणि त्यांनी लिहिली होती.

"तर गुरुवार, नऊ तारीख," दादांनी पुन्हा धडा सुरू केला, "संध्याकाळी, याच खोलीत, घरच्या घरी लग्न झालं. नोंदणी काय, सरकारी सोपस्कार. तो अठराला. काय चुकलं यात?"

"झालं नाही, एवढंच," बारकी म्हणाली. ती जेवत नव्हती. शेजारी डावरा मान खाली घालून जेवत होता. त्याच्या उजव्या गुडघ्याला सतत थरथर सुटलेली, टेबलावरचं पाणी हलत होतं.

"बारके, सहा गुण गेले तर आपण खालच्या गटात. खालच्या गटातल्या क्लबला नगरपालिका मैदान देत नाही. तुझ्या आजोबांनी, अप्पांनी, ओंडके ओढणाऱ्या माणसांना घेऊन ते मैदान साफ केलंय. तिथं उद्या दुसरं कोणीतरी खेळणार, आणि आपली पोरं वखारीच्या आवारात भुशात?"

"गुण कापायचा नियमही अप्पांनीच लिहिलाय," चिटणीसबाई म्हणाल्या. "तेव्हाच्या तीन खोट्या नावांच्या प्रकरणानंतर."

"अप्पांच्या काळी लोक खोटी नावं लावायचे. मी खरा जावई लावलाय!"

तेवढ्यात फाटक वाजलं.

"आला," दादा उठले. त्यांनी तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला. चिटणीसबाईंना नवल वाटलं. चार वर्षांनी धाकट्या भावासाठी दादा केस नीट करत होते.

धाकटा वखारीतून भांडून बाहेर पडला तो पुलापलीकडच्या क्लबचा प्रशिक्षक झाला. तोही क्लब तळालाच. अकरा तारखेला डावऱ्याचा दुसरा गोल त्याच्याच संघाला बसला होता, सामना संपायला दोन मिनिटं असताना. लीगकडे तक्रार केली ती त्यानेच.

तो दारातच उभा राहिला. हातात काही नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

"जेवायला बोलावलंय म्हणून आलोय. तक्रारीबद्दल बोलायचं असेल तर चार वाजता, लीगच्या कचेरीत."

"बस तर खरा," दादा म्हणाले. "तक्रारीबद्दल नाही. लग्नाबद्दल बोलायचंय."

"कुठल्या? नऊच्या की अठराच्या? मला दोन्हीचं बोलावणं नव्हतं."

वहिनींनी त्याच्यासमोर ताट मांडलं. "अठराचं राहिलं खरं, भावोजी. चूक झाली. मी ह्यांना म्हटलं होतं."

"नऊचं होतं," दादा शांतपणे म्हणाले.

"काय?"

"नऊचं बोलावणं होतं तुला. तू आला होतास."

धाकट्याने आधी चिटणीसबाईंकडे पाहिलं, मग दादांकडे. दादा खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. त्यांचा आवाज आता धडा शिकवणाऱ्याचा राहिला नव्हता.

"तिथं, खिडकीपाशी उभा होतास. उशिरा आलास, कामावरून. मी म्हटलं, ये, तुझ्यावाचून अडलंय. बारकीनं तुला वाकून नमस्कार केला. तुझे डोळे भरून आले. तू तसाच, लहानपणापासून. कुठं काही घडलं की तुझे डोळे आधी भरतात."

डावऱ्याचा गुडघा थांबला.

"मग?" धाकट्याने विचारलं.

"मग जेवलास."

"काय जेवलो?"

"भरपूर जेवलास. तू नको म्हणेस्तोवर वहिनी वाढत होती."

धाकटा हसला. आधी नाकातून, मग खळखळून, आणि दादाही हसायला लागले. दोघांचं हसणं अगदी अप्पांसारखं, शेवटी खोकला येणारं. चिटणीसबाई बघत राहिल्या. चार वर्षं ज्या समेटासाठी त्यांनी दोन घरांत हेलपाटे घातले, तो एका न झालेल्या लग्नात होत होता.

"परत ये वखारीत," दादा डोळे पुसत म्हणाले. "तुझं टेबल आहे तसंच आहे. दारावरच्या पाटीवर दोघांची नावं घालू. पुलापलीकडच्यांना दुसरा प्रशिक्षक मिळेल. मला दुसरा भाऊ कुठून मिळणार?"

"आणि माझी पोरं खालच्या गटात जाऊ देऊ?"

"जातील, वर येतील. खेळ आहे तो. तुझ्या क्लबचं मैदान त्यांचं स्वतःचं आहे, आपलं नाही."

धाकट्याने भाताचा एक घास घेतला, बराच वेळ चावला. "फुटबॉलमध्ये दंड करावा, गुण कापू नयेत, असं मला पहिल्यापासून वाटतं," तो ताटाकडे बघत म्हणाला. "चूक कचेरीतल्यांची आणि शिक्षा मैदानातल्यांना, हा कुठला न्याय?"

"गेल्या महिन्यात तू उलटं लिहिलं होतंस," चिटणीसबाई म्हणाल्या. "तक्रारीत. माझ्याकडे प्रत आहे."

"ताई, प्रती जपून ठेवण्याशिवाय तू आयुष्यात काय केलंस गं?"

तो हसत म्हणाला होता. तरी लागायचं ते लागलंच.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. बारकी उभी होती.

"काका, अठराला मी दाराकडे बघत होते," ती म्हणाली. "नोंदणी कचेरीत. कारकून म्हणाला, सह्या करा, मागे रांग आहे. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा, माझा काका येईल. कोणी बोलावलं नसलं तरी कळलं असेल, येईल. नाही आलास. आणि आता न झालेल्या लग्नात बसून जेवतोयस?"

"बारके—" दादा म्हणाले.

"माझं लग्न अठराला झालं, बाबा. सकाळी साडेअकराला. आत्यानं साक्षीदार म्हणून सही केली. याच्या बुटाला चिखल होता, कारण तीन वाजता सामना होता आणि हा सकाळच्या सरावातून तसाच आला होता. मला तेच लग्न हवंय. दुसरं नको."

ती स्वयंपाकघरातून मागच्या दाराने निघून गेली. डावरा अर्धवट उठला, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि गेला तिच्यामागे.

"जाऊ दे," दादा म्हणाले. "चार वाजेस्तोवर निवळेल. चिटणीस, तू बघ जरा. तुझं ऐकते ती."

चिटणीसबाई मागच्या आवारात आल्या तेव्हा बारकी फळ्यांच्या थप्पीवर बसली होती आणि डावरा समोर उभा होता, पेनल्टी चुकवलेल्या माणसासारखा.

"एकच सांग," बारकी त्याला विचारत होती. "घाई माझ्यासाठी केलीस की सामन्यासाठी?"

"दोन्हीसाठी."

"जास्त कशासाठी?"

डावऱ्याने मान खाजवली. खोटं बोलायला सोपा प्रश्न होता, आणि चिटणीसबाईंना वाटलं, बोल बाबा एकदाचं. पण तो म्हणाला, "तुझे बाबा म्हणाले, आठ दिवसांत लग्न आणि शनिवारपासून खेळ. मला दोन्ही हवं होतं. मी त्यात वजनकाटा लावला नाही. अर्जाचं म्हणशील तर मला वाटलं, कचेरीतल्या लोकांनी बघितलं असेल. आत्यांनी सही केलेली म्हणजे ते ठीकच असणार."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"नऊ मी लिहिली," चिटणीसबाई म्हणाल्या. "चुकून नाही. कॅलेंडर समोर होतं."

"माहितीये, आत्या." बारकी फळीच्या कडेची ढलपी नखाने सोलत होती. "आज आधी मला आत बोलावणार आहेत. यादीत पहिलं नाव माझं. मी अठरा सांगणार. बाबा मला परत घरात घेणार नाहीत. घेतील, पण आयुष्यभर सामन्याचा शनिवार आला की तोंडाला कुलूप लावतील. तू ओळखतेस त्यांना."

"न सांगून बघ."

"मग याच्याकडे बघताना रोज नऊ आठवेल."

घरातून दोन्ही भावांचा खोकला ऐकू आला. म्हणजे पुन्हा हसत होते.

लीगची कचेरी एका हार्डवेअरच्या दुकानावर होती. जिना अरुंद, वर येणाऱ्याला खाली उतरणाऱ्यासाठी अंग चोरावं लागे. समितीच्या खोलीत लांब टेबलाच्या पलीकडे तिघे बसले होते. मध्ये दाताचे डॉक्टर, एका बाजूला निवृत्त पंच, दुसऱ्या बाजूला विमा कंपनीत काम करणाऱ्या एक बाई. दादा आणि धाकटा शेजारी शेजारी बसले. बारकी, डावरा आणि वहिनी बाहेर बाकावर.

धाकट्याने उभं राहून खिशातला कागद वाचला. आमची तक्रार गैरसमजातून झाली असून ती आम्ही मागे घेत आहोत. वाचताना तो एकदाही अडखळला नाही. खाली बसताना दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "तक्रार मागे घेता येते. तारीख मागे घेता येत नाही. ती खरी की खोटी, एवढं आम्हाला विचारावंच लागेल. मुलीला बोलवा."

शिपाई दाराकडे वळला.

"मला आधी घ्या," चिटणीसबाई म्हणाल्या.

त्या कधी उठल्या ते त्यांनाच कळलं नव्हतं.

"यादीत तुमचं नाव तिसरं आहे, बाई."

"मुलीला बोलवायची गरज नाही पडणार. लग्न अठराला झालं. अर्जावरची नऊ मी लिहिली. खोटी आहे, हे माहीत असताना लिहिली."

पंचांनी पेन खाली ठेवलं. दादांच्या खुर्चीचा आवाज झाला.

"कोणी सांगितलं म्हणून लिहिली?" विमावाल्या बाईंनी विचारलं.

चिटणीसबाईंनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुधा रडू आलं असतं. त्या थांबल्या. दादा उभे राहतील, म्हणतील, मी सांगितलं. एवढा वेळ तर त्यांना द्यायलाच हवा होता. खाली दुकानात कोणीतरी पत्रा कापत होतं.

"हात माझा होता," अखेर त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, एक विचारतो. तुम्ही अठ्ठावीस वर्षं हेच काम करताय. आमचं सकाळपासून यावरच वाजलंय. पंचसाहेब म्हणतात, जबर दंड करा आणि सोडा, गुण कापू नका. त्या पोरांना तारखेतलं ओ की ठो माहीत नाही. ती खेळली, घाम गाळून जिंकली. त्यांच्या ताटातलं का काढून घ्यायचं? तुम्हाला काय वाटतं?"

"ते बरोबर बोलतायत," चिटणीसबाई म्हणाल्या.

"मग दंड?"

"दंड केलात तर उद्या सकाळी चेक येईल. आणि पुढच्या हंगामात, असाच क्लब तळाला आला, असंच कोणी समोर येऊन उभं राहिलं, तर मी पुन्हा नऊ लिहीन. मला माझी खात्री नाही, साहेब. माणूस आपल्या घरासाठी काय काय लिहितो हे मला आता कळलंय." त्यांनी पदराच्या टोकाने ओठावरचा घाम टिपला. "आमच्या पोरांनी घाम गाळला, खरं आहे. समोरच्यांनीही गाळलाच होता. त्यांच्यात तर सगळे नियमातले होते."

वीस मिनिटं सगळ्यांना बाहेर उभं केलं. मग पुन्हा आत बोलावून निकाल वाचला. वखारीच्या क्लबचे सहा गुण वजा. डावऱ्याला हंगाम संपेपर्यंत खेळायला बंदी. चिटणीसबाईंना पाच वर्षं कुठल्याही क्लबचं कुठलंही पद नाही. वाचताना डॉक्टरांचा आवाज त्या शेवटच्या ओळीला थोडा खाली आला.

बाहेर आल्यावर पहिला भडका धाकट्याचा उडाला.

"मी मागे घेतली होती ना तक्रार? सगळं जमलं होतं! तुला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"तुझा क्लब वाचला," चिटणीसबाई म्हणाल्या.

"काय करू त्याचं? आता त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ? मागे घेतल्याचा कागद सगळ्यांना दिसणार. इकडचा नाही, तिकडचा नाही, असं करून ठेवलंस मला."

तो जिना उतरून गेला. दादा सगळ्यात शेवटी बाहेर आले. बारकी उभी राहिली, पण ते तिच्याजवळ थांबले नाहीत. बहिणीसमोर थांबले.

"बुडवलंस," ते म्हणाले.

"तुझं नाव विचारलं त्यांनी," त्या हळूच म्हणाल्या. "ते मी बुडू दिलं नाही."

दादांचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग त्यांनी गाडीच्या किल्ल्या चाचपल्या. "चला," ते वहिनींना म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाल्या. "मी वन्संबरोबर येते."

पस्तीस वर्षांत त्या पहिल्यांदाच असं म्हणाल्या असतील. दादांनी ऐकलं, मान हलवली आणि जिन्यावर त्यांची पावलं वाजत गेली.

बारकीने आत्याच्या खांद्याला डोकं टेकवलं. मग डावऱ्याने तिचा हात धरला आणि ती दोघं चालत त्यांच्या भाड्याच्या खोलीकडे गेली. कोणाची तरी दुचाकी फूटपाथवर आडवी पडली होती. डावऱ्याने ती जाता जाता उभी करून ठेवली.

"आता घरी?" वहिनींनी विचारलं.

"सहाला सराव आहे. पोरांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

"शिव्या घालतील."

"घालू देत."

पोरं मैदानाला फेऱ्या मारत होती. चिटणीसबाई रेषेशी जाऊन उभ्या राहिल्या तशी ती हळूहळू जमली. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, तारखेपासून सहा गुणांपर्यंत. दादांचं नाव घेतलं नाही. सांगून झाल्यावर कोणीतरी चेंडू इतक्या जोरात लाथाडला की कुंपणाची तार बराच वेळ झणझणत राहिली.

"आमचा काय दोष?" मधल्या फळीतल्या, सुतारकाम करणाऱ्या पोराने विचारलं. त्याचा आवाज फुटला होता.

"काही नाही."

"मग आमचे का गेले?"

"मी खोटं लिहिलं म्हणून."

"मग तुमचं काहीतरी घ्यायचं ना!"

"घेतलं," वहिनी मागून म्हणाल्या. चिटणीसबाईंनी हाताने त्यांना गप्प केलं.

पोरगा तोंड फिरवून गेला. आणखी दोघे त्याच्यामागे गेले. बाकीचे तिथंच, कमरेवर हात ठेवून. कोणी शिवी दिली नाही, आणि चिटणीसबाईंना ते जास्त जड गेलं. नळदुरुस्तीचं काम करणारा गोलरक्षक संघाचा कप्तान होता. तो गवतावर बसून हातमोजे काढत बोटांवर काहीतरी मोजत होता.

"म्हणजे आपले अठरा गुण. पुलापलीकडचे वीस. सामने उरले दोन." त्याने वर बघितलं. "डावरा नाही म्हणजे डाव्या बाजूला कोण?"

"मी खेळतो," एक बारकुडा पोरगा म्हणाला.

"तुला डावा पाय आहे का?"

"दोन आहेत. त्यातला एक डावा असेलच."

दोघेतिघे हसले, नको नको म्हणत हसल्यासारखे. सुतारकाम करणारं पोर कुंपणापाशी पाठमोरं उभं होतं, पण मैदान सोडून गेलं नव्हतं. मग कोण मागे खेळणार, कोण कॉर्नर घेणार, यावरून कालवा सुरू झाला. कोणी म्हणालं, दोन्ही सामने जिंकणं कसं शक्य आहे. कोणी म्हणालं, एक जिंकून एक बरोबरीत सुटला तरी बघू. कप्तानाने शिट्टी मारली तसे सगळे आपापल्या जागा धरायला पांगले. चिटणीसबाई तिथंच उभ्या होत्या. जा असं कोणी म्हटलं नव्हतं, थांबा असंही नाही.

"चिटणीसबाई," कप्तान लांबून ओरडला, "बाजूला व्हा. मैदानात उभ्या आहात."

त्यांनी पायांकडे बघितलं. रेषा त्यांच्या मागे होती. त्या दोन पावलं मागे सरकल्या, आणि चेंडू सुटला.